संगणक नाव कसे ओळखतो? हिशोबाचे सॉफ्टवेअर घेण्यापूर्वी करावयाची तपासणी

पूर्वी दुकानात मुनीम किंवा दिवाणजी असत. वहीत एका ठिकाणी ‘मोहम्मद’, दुसऱ्या ठिकाणी ‘महंमद’ आणि तिसऱ्या ठिकाणी नुसते ‘मो.’ असे लिहिलेले असले तरी त्यांना गिऱ्हाईक ठाऊक असे आणि रक्कम बरोबर त्याच्याच खात्यावर पडत असे. आता खातेवहीची जागा संगणकाने घेतली आहे. संगणक बेरीज चुकत नाही, हे खरे. परंतु गिऱ्हाईक त्याच्या ओळखीचे नसते. तो फक्त अक्षर पाहतो.

आमच्या परिचयाचे चपला-बुटांचे एक ठोक व्यापारी आहेत. त्यांच्याकडे एका जुन्या गिऱ्हाइकाची संगणकात तीन खाती तयार झाली होती. एकात नाव सरळ, दुसऱ्यात नावाच्या शेवटी एक रिकामी जागा आणि तिसऱ्यात आडनाव आधी. माल एका खात्यावर नावे पडला आणि आलेले पैसे दुसऱ्या खात्यावर जमा झाले. वर्षअखेरीस संगणकाने मोठी येणे बाकी दाखवली आणि दुकानातील मुलाने तगाद्याचा फोन केला. ज्याने पै न पै चुकती केली होती, त्याला थकबाकीदार ठरवले गेले. पुढे चूक सापडली, माफीही मागितली. पण वीस वर्षांचा व्यवहार तुटला तो तुटलाच. बेरीज कुठेही चुकली नव्हती. चुकली होती ती नावाची तुलना.

या लेखात आम्ही हाच विषय घेतला आहे. संगणक दोन मजकुरांची तुलना कशी करतो, मजकूर कापणे, जोडणे, बदलणे ही कामे कशी करतो आणि नवे सॉफ्टवेअर विकत घेताना किंवा एक्सेलचा तक्ता वापरात आणताना व्यापाऱ्याने स्वतः कोणती तपासणी करावी, हे येथे क्रमाने पाहू. त्यासाठी प्रोग्राम लिहिता येण्याची गरज नाही. आपल्या धंद्यातील नावे आणि बिले ठाऊक असली म्हणजे पुरे.

संगणकाच्या दृष्टीने अक्षर म्हणजे काय?

संगणकात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. इंग्रजी मोठ्या ‘ए’चा क्रमांक ६५ आणि लहान ‘ए’चा ९७. रिकामी जागा आपल्याला दिसत नाही, पण तिलाही क्रमांक आहे, ३२. अशा अक्षरांच्या माळेला संगणकाच्या भाषेत ‘स्ट्रिंग’ म्हणतात. दोन स्ट्रिंग सारख्या आहेत का हे पाहताना संगणक पहिल्या मण्याशी पहिला मणी आणि दुसऱ्याशी दुसरा असे क्रमांक ताडून पाहतो. एक मणी जरी वेगळा निघाला, तरी त्याच्या लेखी ती दोन वेगळी नावे होतात. शेवटची रिकामी जागा हाही एक मणीच आहे.

मराठीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. आपण ‘मुश्ताक’ हे नाव मु, श्ता, क असे तीन अक्षरी वाचतो. संगणक मात्र म, उकार, श, हलन्त, त, काना आणि क असे सात मणी मोजतो. म्हणून एक्सेलमधील लांबी मोजणारे ‘लेन’ हे फंक्शन येथे ७ असे उत्तर देते. ‘लेफ्ट’ या फंक्शनने डावीकडून चार मणी कापले तर ‘मुश्’ एवढेच उरते, म्हणजे अक्षर मध्येच तुटते. बिलावर नाव अर्धवट छापले जाते, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

‘नवाज़’ किंवा ‘ज़ाकिर’ यांसारख्या नुक्त्याच्या नावांतही अशीच अडचण येते. नुक्त्याचा ‘ज़’ संगणकात दोन प्रकारे साठवता येतो. एका प्रकारात ज आणि नुक्ता असे दोन मणी असतात, तर दुसऱ्यात दोन्ही मिळून एकच मणी असतो. पडद्यावर दोन्ही अगदी एकसारखे दिसतात. तरी साधी तुलना केली की उत्तर येते, ‘वेगळे’. तसेच मराठी आकडा आणि इंग्रजी आकडा यांचे क्रमांक वेगवेगळे आहेत. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसला, तरी आत इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक असतात. जुनी यादी नव्या युनिकोडच्या यादीशी जुळत नाही, ती यामुळे.

नेहमी लागणारी फंक्शने

एक्सेलमध्ये मजकुरावर काम करणारी फंक्शने पुष्कळ आहेत. दुकानदाराला त्यांतील थोडी समजली तरी काम भागते. मात्र प्रत्येकाची मर्यादाही ठाऊक हवी.

‘ट्रिम’ हे फंक्शन नावाच्या आधीच्या व नंतरच्या रिकाम्या जागा काढते आणि मधल्या दोन-तीन जागांची एक करते. परंतु इंटरनेटच्या पानावरून उचललेल्या मजकुरात १६० क्रमांकाची एक वेगळी रिकामी जागा येते. ती ट्रिमला काढता येत नाही. तिच्यासाठी ‘सब्स्टिट्यूट’ वापरून आधी तिच्या जागी साधी रिकामी जागा आणावी लागते आणि मग ट्रिम लावावे लागते.

‘अप्पर’ हे इंग्रजी अक्षरे मोठी करते. एक्सेलमध्ये बरोबरच्या चिन्हाने तुलना केली तर लहान-मोठ्या अक्षरांचा फरक धरला जात नाही. ‘एक्झॅक्ट’ने केली तर धरला जातो. म्हणजे त्याच दोन नावांना एक पद्धत ‘सारखी’ म्हणते आणि दुसरी ‘वेगळी’ म्हणते. शोधण्याचेही तसेच आहे. ‘फाइंड’ला लहान-मोठ्याचा फरक कळतो, ‘सर्च’ला कळत नाही.

‘मिड’ हे मधला तुकडा काढून देते. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्रासाठी २७ आणि गोव्यासाठी ३०. पुढची दहा अक्षरे म्हणजे त्या व्यापाऱ्याचा पॅन. तेव्हा तिसऱ्या अक्षरापासून दहा अक्षरे काढली की पॅन हाती येतो आणि आपल्याकडे नोंदलेल्या पॅनशी ताडून पाहता येतो. बँकेचा आयएफएससी ११ अक्षरांचा असून त्यातले पाचवे अक्षर नेहमी शून्य असते. तेथे कोणी इंग्रजी ‘ओ’ टाकला असेल तर ही तपासणी तो क्षणात पकडते.

‘सब्स्टिट्यूट’ एका मजकुराच्या जागी दुसरा मजकूर आणते. येथे फार सावध राहावे. कोणी यादीत ‘मो’च्या जागी सर्वत्र ‘मोहम्मद’ करावयास सांगितले, तर ‘मोमीन’ या आडनावाचे ‘मोहम्मदमीन’ होते आणि ‘मोटार पार्ट्स’चे ‘मोहम्मदटार पार्ट्स’. संगणकाने हुकूम बरोबर पाळला. हुकूमच अपुरा होता.

दुसऱ्या तक्त्यातून भाव शोधून आणणारे ‘व्हीलुकअप’ पुष्कळांच्या वापरात आहे. त्याच्या शेवटच्या जागी ‘फॉल्स’ लिहिले तरच ते नेमकी जुळणी करते. ती जागा सोडून दिली तर ते जवळपासची जुळणी धरते आणि दुसऱ्याच मालाचा भाव बिनबोभाट आणून ठेवते. शिवाय ताऱ्याच्या चिन्हाचा अर्थ ते ‘मध्ये काहीही चालेल’ असा घेते. खोकी, पेट्या, फर्निचर बनवणारे कारागीर माप १२*१८ असे लिहितात. अशा मापाचा भाव शोधताना यादीत त्याच्याआधी १२*५*१८ असेल, तर त्याचाच भाव येतो. म्हणून मापात ताऱ्याचे चिन्ह वापरू नये, गुणिलेसाठी दुसरे अक्षर ठरवून घ्यावे.

जीएसटीची जुळणी, म्हणजे थेट पैशाचा प्रश्न

जीएसटी १ जुलै २०१७ रोजी लागू झाला. १ जानेवारी २०२२ पासून, विकणाऱ्याने आपल्या विवरणात बिल दाखवले आणि ते खरेदीदाराच्या जीएसटीआर-२बी मध्ये उतरले, तरच खरेदीदाराला त्या बिलावरील कराची वजावट घेता येते. म्हणून आपले खरेदी रजिस्टर आणि २बी यांची बिलवार जुळणी करावी लागते. ही जुळणी म्हणजे मजकुराची तुलनाच होय.

नियमाप्रमाणे बिल क्रमांक जास्तीत जास्त १६ अक्षरांचा असतो. त्यात अक्षरे, आकडे, आडवी रेघ आणि तिरकी रेघ चालते. आता विकणाऱ्याने विवरणात ‘एबी/००७’ लिहिले आणि आपल्या मुलाने ‘एबी-००७’ असे चढवले, तर सॉफ्टवेअर म्हणते की हे बिल २बी मध्ये नाही. माल आला, पैसे दिले, करही भरला. परंतु वजावट अडकते किंवा निदान ती शोधण्यात दिवस जातो. लहान-मोठ्या अक्षरांच्या गोंधळामुळे ई-इन्व्हॉइसच्या पोर्टलनेही १ जून २०२५ पासून बिल क्रमांकातील लहान-मोठी अक्षरे एकच मानावयास सुरुवात केली. त्या पोर्टलवर शून्याने किंवा रेघेने सुरू होणारा बिल क्रमांक चालत नाही, हेही लक्षात ठेवावे.

यावर उपाय म्हणून तक्त्यात एक जादा रकाना करावा. त्यात बिल क्रमांकातील रिकाम्या जागा आणि रेघा काढून, अक्षरे मोठी करून एक ‘जुळणीची खूण’ तयार करावी. मूळ क्रमांकाला मात्र हात लावू नये, तो बिलावर आहे तसाच राहू द्यावा.

पण येथेही एक खड्डा आहे. रेघा काढल्या की ‘१/१२’ आणि ‘११/२’ या दोन वेगळ्या बिलांची खूण एकच होते, ‘११२’. म्हणून नुसत्या खुणेवर विसंबू नये. विकणाऱ्याचा जीएसटी क्रमांक, बिलाची तारीख आणि रक्कम या तिन्ही गोष्टीही जुळल्या तरच बिल जुळले असे मानावे.

चुका दोन प्रकारच्या

वरील उदाहरणांवरून एक तत्त्व हाती लागते. तुलनेत चूक दोनच प्रकारची होते. पहिल्या प्रकारात एकच वस्तू दोन समजली जाते, दुसऱ्या प्रकारात दोन वस्तू एक समजल्या जातात. पहिली चूक उशिरा का होईना, बाकी न जुळल्यामुळे उघडकीला येते. दुसरी जास्त वाईट. एकाची उधारी दुसऱ्याच्या नावावर पडते आणि एकूण बाकी जुळत असल्यामुळे कोणाला संशयही येत नाही.

‘नाव थोडे चुकले तरी आमचे सॉफ्टवेअर ओळखते’ असे विक्रेते अभिमानाने सांगतात. त्यामागे मुख्यतः दोन जुन्या युक्त्या आहेत. एक युक्ती उच्चारावरून नावाला खूण देण्याची. तिला साउंडेक्स म्हणतात आणि तिचे पेटंट अमेरिकेत १९१८ साली रॉबर्ट रसेल यांना मिळाले. इंग्रजीत मोहम्मद हे नाव चार-पाच तऱ्हांनी लिहिले जाते. त्यांपैकी बहुतेकांना साउंडेक्स एकच खूण देते, ती म्हणजे एम-५३०. येथपर्यंत ठीक आहे. परंतु ‘महमूद’ या वेगळ्याच नावालाही तीच खूण मिळते. उलट ‘मोहम्मद’चे एम-डी हे नेहमीचे संक्षिप्त रूप एम-३०० होऊन बाजूला पडते. ही पद्धत इंग्रजी नावांसाठी बनली होती, आपल्या नावांसाठी नव्हे.

दुसरी युक्ती रशियन गणिती व्लादिमीर लेव्हेनश्टाइन यांची, १९६५ सालची. एका नावाचे दुसरे नाव करावयास किती मणी बदलावे, घालावे किंवा काढावे लागतात ते मोजायचे. ‘मोहम्मद’चे ‘मुहम्मद’ करावयास एकच मणी बदलावा लागतो, म्हणजे अंतर १. पण ‘रफीक’चे ‘शफीक’ करावयासही एकच मणी बदलावा लागतो! पहिली जोडी एकाच नावाची दोन रूपे आहेत, दुसरी जोडी कदाचित दोन सख्ख्या भावांची असेल. संगणकाला दोन्हींत फरक दिसत नाही.

तेव्हा अशा सोयीकडून फक्त सूचना घ्यावी. ‘ही दोन खाती एकच असावीत का?’ असे संगणकाने विचारावे आणि निर्णय माणसाने घ्यावा. आपोआप खाती एकत्र करणारे सॉफ्टवेअर कितीही स्वस्त असले तरी महागच पडते. खात्याची खरी ओळख नावावर न ठेवता प्रत्येक गिऱ्हाइकाला एक खाते क्रमांक द्यावा, हा सर्वांत पक्का मार्ग.

तपासणी कशी करावी?

सॉफ्टवेअरच्या तपासणीवर ग्लेनफोर्ड मायर्स यांचे १९७९ सालचे पुस्तक प्रसिद्ध आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, तपासणी ही प्रोग्राम चांगला आहे हे दाखवण्यासाठी करावयाची नसते, ती चूक शोधण्याच्या इराद्याने करावयाची असते. विक्रेता नेहमी सरळ नाव आणि सरळ रक्कम टाकून दाखवतो. आपण वाकडी उदाहरणे टाकावीत.

एका कागदावर चार रकाने आखावेत : काय टाकले, काय यावयास हवे होते, काय आले, आणि पास की नापास. दुसरा रकाना आधीच भरून ठेवावा. उत्तर पाहून मग अपेक्षा लिहिली तर प्रत्येक उत्तर बरोबरच वाटते. खरी खाती वापरू नयेत, नक्कल प्रतीवर काम करावे. पुढील बाबी अवश्य तपासाव्यात :

१. तेच नाव शेवटी एक रिकामी जागा देऊन पुन्हा टाकावे. दुसरे खाते उघडू नये, सूचना यावी.

२. नाव पूर्ण कोरे ठेवावे, तसेच नुसत्या रिकाम्या जागा टाकाव्यात. दोन्ही वेळा नोंद नाकारली जावी.

३. तेच नाव इंग्रजीत एकदा लहान आणि एकदा मोठ्या अक्षरांत टाकावे. शोधताना दोन्ही सापडावीत.

४. ‘मोहम्मद’, ‘मुहम्मद’, ‘महंमद’ टाकून पाहावे. सूचना आली तर उत्तम, पण खाती आपोआप एक होता कामा नयेत.

५. ‘रफीक’ आणि ‘शफीक’ यांची दोन खाती उघडावीत. ती वेगळीच राहावीत.

६. अगदी एकाच नावाची दोन वेगळी गिऱ्हाइके नोंदवावीत. खाते क्रमांकावरून ती वेगळी ओळखता यावीत.

७. नुक्त्याचे नाव एकदा स्वतः टंकून आणि एकदा मोबाइलवरून आलेल्या संदेशातून उचलून टाकावे. दोन्ही जुळावीत.

८. शक्य तितके लांब नाव टाकून बिल छापावे. नाव कापले जाणार असेल तर आधी इशारा मिळावा आणि जोडाक्षर मध्येच तुटू नये.

९. बिल क्रमांक बरोबर १६ अक्षरांचा टाकावा, तो स्वीकारला जावा. मग १७ अक्षरांचा टाकावा, तो नाकारला जावा. चूक बहुधा मर्यादेच्या काठावरच सापडते.

१०. जीएसटी क्रमांक १४ अक्षरांचा, आणि आयएफएससीत शून्याऐवजी ‘ओ’ टाकावा. दोन्ही अडवले जावेत.

११. शून्याने सुरू होणारा एक आणि शून्याने सुरू न होणारा १६ आकडी दुसरा असे दोन बँक खाते क्रमांक टाकून ते एक्सेलमध्ये उतरवावेत. एक्सेल संख्येचे १५ आकडेच नेमके धरते, सोळाव्याच्या जागी शून्य येते आणि पुढचे शून्य गळून पडते. असे क्रमांक मजकूर म्हणूनच उतरले पाहिजेत.

१२. चपलेचे माप ‘८-१०’ टाकावे. एक्सेल त्याची ८ ऑक्टोबर ही तारीख करून टाकते. याच सवयीमुळे शास्त्रज्ञांच्या तक्त्यांतही गोंधळ होत असे आणि २०२० साली काही मानवी जनुकांची नावेच बदलावी लागली. आपण मापाचा रकाना आधीच ‘मजकूर’ म्हणून ठरवून ठेवावा.

१३. लॉट १, लॉट २ आणि लॉट १० टाकून यादी क्रमाने लावावी. मजकुराच्या क्रमात १० हा २ च्या आधी येतो. क्रमांक ००१, ००२, ०१० असे दिल्यास अडचण राहत नाही.

१४. ‘मो’च्या जागी ‘मोहम्मद’ करून पाहावे. मोमीन सुरक्षित राहिले पाहिजेत.

या यादीत आपल्या धंद्यातील उदाहरणे भरावीत. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागधारकांनी सुताचे नंबर आणि ताक्यांचे लॉट, सुतारांनी मापे, औषध विक्रेत्यांनी बॅच नंबर घालावेत. आजवर वहीत ज्या ज्या ठिकाणी घोटाळा झाला, तो प्रत्येक घोटाळा म्हणजे यादीतील एक ओळ समजावी.

आणखी दोन सूचना. सॉफ्टवेअरचा शेवटचा हप्ता ही तपासणी झाल्यावरच द्यावा आणि तसे आधी लेखी ठरवून घ्यावे. नंतर भांडत बसण्यापेक्षा हे बरे. दुसरे असे की, सॉफ्टवेअरमध्ये काहीही बदल झाला की संपूर्ण यादी पुन्हा चालवावी. एक चूक दुरुस्त करताना दुसरी शिरते, हा नेहमीचा अनुभव आहे. यादी तयार असली की हे काम एका दुपारचे आहे.

आमच्या परिचयाच्या त्या व्यापाऱ्यांनी आता प्रत्येक गिऱ्हाइकाला खाते क्रमांक दिला आहे. तगादा करण्यापूर्वी मिळत्याजुळत्या नावांची यादी काढून ते स्वतः पाहतात. गेलेले गिऱ्हाईक मात्र परत आले नाही. वाचकांनी आपल्या संगणकातील गिऱ्हाइकांची यादी आजच नावाच्या क्रमाने काढून एकदा वरपासून खालपर्यंत वाचावी. एकच माणूस दोनदा आढळला, तर पुढचा तगाद्याचा फोन करण्यापूर्वी त्याचे खाते नीट करून घ्यावे.